वाढविलेल्या एंजिनाला क्लच कोणता?

जपानांतील माझदा कंपनीनें बांधलेली एमएक्स-५ ही दोन आसनांची, उघड्या छपराची छोटी मोटार १९८९ सालीं शिकागोच्या प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली. एंजिन १.६ लिटरचें, शक्ति सुमारें ११५ अश्वशक्तीची, आणि वजन एका टनाहून थोडें कमी. गाडी चपळ, वळणाच्या रस्त्यावर आज्ञाधारक आणि किंमतीनें आवांक्यांतली. त्यामुळें अमेरिका, ब्रिटन, जपान या देशांत हौशी माणसांनीं ती हजारोंनीं घेतली, आणि पुढें हौशी माणसाला जें केल्यावांचून राहवत नाहीं तेंच त्यांनीं केलें: तिच्या एंजिनाचा जोर वाढविला. पुष्कळांचा मार्ग टर्बोचार्जरचा. एंजिनांतून वायां जाणाऱ्या धुराच्या वेगावर एक छोटें चक्र फिरतें, तें जास्त हवा आंत कोंबतें, जास्त हवेबरोबर जास्त पेट्रोल जळतें, आणि तेंच एंजिन दीडपट जोर करूं लागतें.

काम पुरें झालें असें समजून मालक गाडी बाहेर काढतो. कांहीं दिवस आनंदाचे जातात. मग एखाद्या चढावर, वरच्या गिअरमध्यें, तो पाय दाबतो आणि त्याला चमत्कार दिसतो. एंजिनाच्या फेऱ्यांचा कांटा उसळी घेतो. वेगाचा कांटा मात्र जागचा हलत नाहीं. पाठोपाठ जळका वास येतो. क्लच घसरूं लागलेला असतो.

क्लचाची रचना फारशी गूढ नाहीं. एंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील हें जड चाक असतें. त्याच्यापुढें प्रेशर प्लेट. या दोहोंच्या मध्यें, गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसविलेली क्लच प्लेट एका ताकदवान स्प्रिंगनें चेपलेली असते. पेडल दाबलें कीं स्प्रिंग सैल होते आणि एंजिन व चाकें यांची फारकत होते. सगळा जोर जातो तो केवळ घर्षणाच्या भरंवशावर. तो भरंवसा तुटला म्हणजे काय होतें याचा हिशेब एकदां करून पाहण्यासारखा आहे. एंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरविण्याचा जोर, २०० न्यूटन-मीटर असेल आणि दोन्ही बाजूंच्या गतींत मिनिटाला १,००० फेऱ्यांचें अंतर पडलें असेल, तर त्या ताटाएवढ्या जागेंत सुमारें २१ किलोवॉट उष्णता निर्माण होते. दोन किलोवॉटच्या दहा शेगड्या एकदम पेटवाव्या तसा हा प्रकार. वास येतो यांत नवल नाहीं.

आतां नवा क्लच घ्यावयाचा. विक्रेत्यांचीं पत्रकें उघडलीं कीं 'पहिली पायरी', 'दुसरी पायरी', 'तिसरी पायरी' अशीं नांवें दिसतात, आणि शेजारीं '३०० अश्वशक्तीपर्यंत', '४०० अश्वशक्तीपर्यंत' असे आंकडे. या पायऱ्यांना कोणतेंही सर्वमान्य माप नाहीं. एका उत्पादकाची दुसरी पायरी ती दुसऱ्याची पहिली असूं शकते. आणि अश्वशक्तीचा आंकडा तर येथें सरळसरळ फसवा. अश्वशक्ति म्हणजे टॉर्क आणि फेऱ्या यांचा गुणाकार. क्लचाला पेलावयाचा असतो तो टॉर्क. १९९९ सालच्या होंडा एस-२००० चें एंजिन मिनिटाला आठ हजारांवर फेऱ्या घेऊन २४० अश्वशक्ति देई, पण त्याचा टॉर्क २१० न्यूटन-मीटरांच्याही आंत होता. उलट भारतांत विकल्या गेलेल्या स्कोडा लॉराचें १.९ लिटरचें डिझेल एंजिन १०५ अश्वशक्तीचें, आणि टॉर्क २५० न्यूटन-मीटर. क्लच कोणाला मोठा लागेल, हें अश्वशक्ति पाहून ठरविणारा हटकून चुकेल.

म्हणून पहिला प्रश्न असा कीं, टॉर्क किती? एमएक्स-५ चा मूळचा १३६ न्यूटन-मीटर. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारें १४ किलोग्रॅम वजन टांगावें तेवढा. बेताच्या टर्बोनें तो, समजा, २२० वर गेला. क्लचाची कुवत चार गोष्टींवर अवलंबून असते: चेपणारी शक्ति, घर्षणाचा गुणांक, लायनिंगची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. या गाडीचा मूळ क्लच २०० मिलिमीटर व्यासाचा. सरासरी त्रिज्या ८५ मिलिमीटर, गुणांक ०.३, स्प्रिंगचा दाब सुमारें ४०० किलोग्रॅम आणि पृष्ठभाग दोन, असें उदाहरणादाखल धरलें तर कुवत २०० न्यूटन-मीटरांच्या थोडी वर येते. मूळ एंजिनाला ती भरपूर. २२० ला अपुरी. वीस-पंचवीस टक्के जास्तीची पुंजी हाताशीं असावी असा शहाणपणाचा नियम धरला तर गरज २७० च्या आसपास ठरते.

१९९३ सालीं याच गाडीला १.८ लिटरचें एंजिन आलें आणि त्याबरोबर २१५ मिलिमीटरांचा क्लच. तो आपल्या फ्लायव्हीलसकट १.६ च्या एंजिनावर बसतो. केवळ या व्यासानें कुवत सात-साडेसात टक्क्यांनीं वाढते, म्हणजे साधारण २२०. ती पुरेशी नव्हे. पण त्यावर ३० टक्के अधिक दाबाची प्रेशर प्लेट घातली कीं आंकडा २८५ ला जाऊन भिडतो. लायनिंग मात्र तेंच, नेहमींचें, मऊ स्वभावाचें. रस्त्यावरच्या गाडीसाठीं याहून बरी निवड क्वचितच सांपडेल.

लायनिंगचा मोह आवरणें कठीण असतें, कारण पत्रकांतील सर्वांत देखणीं चित्रें त्याचीं. नेहमींचें लायनिंग, ज्याला व्यापारांत 'ऑरगॅनिक' म्हणतात, तंतू आणि राळ यांचें असतें. तें हळुवार पकडतें, आणि फार तापलें कीं पकड सोडतें. (पूर्वीं त्यांत ॲस्बेस्टॉस असे, जुन्या क्लचाची धूळ फुंकर मारून उडवूं नये, हें अजूनहि लक्षांत ठेवावें.) केव्हलारचे तंतू घातलेलें लायनिंग फार टिकतें, परंतु तें आरंभीं नीट घासून बसवावें लागतें, आणि एकदां घाई करून तापविलें तर त्याला कांचेसारखी झिलई येते. तिसरा प्रकार सिरॅमिक म्हणून विकला जातो. वस्तुतः धातूची भुकटी दाबून, तापवून केलेले ते तुकडे. एका तबकडीवर असे चार किंवा सहा. उष्णतेला ते दाद देत नाहींत आणि पकडतात तेव्हां गळपट्टी धरल्यासारखे पकडतात. शर्यतीच्या मैदानांत हा गुण आहे. सिग्नलपाशीं, पुढची गाडी हातभर सरकली म्हणून तेवढेंच सरकावयाचें असतां, गाडी उडी घेते किंवा बंद पडते, आणि मागचे भोंगे वाजवितात. घरांतलीं दुसरीं माणसें ती गाडी पुन्हां हातांत धरीत नाहींत.

राहतां राहिली पृष्ठभागांची संख्या. दोन तबकड्यांच्या क्लचांत चार पृष्ठभाग येतात आणि तेवढ्याच दाबांत कुवत दुप्पट होते. युक्ति उत्तम, किंमत जबर. २२० न्यूटन-मीटरांसाठीं ती करणें म्हणजे डोंगर पोखरून उंदीर काढणें होय.

कित्येक मालक म्हणतात कीं घ्यावयाचाच तर सर्वांत भक्कम घ्यावा, म्हणजे पुन्हां चिंता नको. हा विचार वाटतो तितका सुरक्षित नाहीं. एकाएकी धक्का बसला तर घसरणारा क्लच विजेच्या फ्यूजप्रमाणें मागच्या भागांना वांचवितो. क्लच घसरेनासा झाला कीं तो धक्का गिअरबॉक्सचे दांते आणि मागचा डिफरन्शियल यांच्यावर जातो; १.६ च्या गाडीचा डिफरन्शियल तर लहान आणि या बाबतींत नाजूक म्हणूनच हौशी मंडळींत प्रसिद्ध आहे. तबकडीच्या मध्यभागीं स्प्रिंगा असतात, त्याहि याच धक्क्यांसाठीं. त्या नसलेली घट्ट तबकडी शर्यतवाले वजन वांचविण्यासाठीं घेतात. रस्त्यावर तिनें गिअरबॉक्स खडखडत राहतो. शिवाय जड प्रेशर प्लेटचें ओझें केवळ डाव्या पायावर पडत नाहीं. पेडल दाबलेलें असेपर्यंत ती शक्ति क्रँकशाफ्टला पुढें ढकलीत असते, आणि तेथील थ्रस्ट बेअरिंग तिचा भार सोशीत असतें. तें झिजलें तर एंजिन उतरवावें लागतें. लांबलेल्या सिग्नलवर गिअर काढून पाय उचलावा, हा सल्ला जड क्लचाच्या मालकानें तरी पाळावा.

खर्चाचा मोठा वांटा क्लचाचा नसतोच. गिअरबॉक्स उतरविण्याच्या मजुरीचा असतो. म्हणून तो खालीं आला असतांच रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि क्रँकशाफ्टच्या मागचें ऑइल सील बदलून घ्यावें. सिलांतून झिरपलेला तेलाचा एक थेंब सगळें गणित फुकट घालवितो. फ्लायव्हीलचा पृष्ठभाग निळा पडला असेल तर तो मशिनवर साफ करून घ्यावा.

यानंतरचें काम संयमाचें, आणि वाढविलेल्या एंजिनाच्या मालकापाशीं तोच माल थोडा. नवें लायनिंग आणि फ्लायव्हील यांची जोडी जमावी म्हणून पुष्कळ उत्पादक सुमारें ८०० किलोमीटर शहरांत, थांबत-निघत, बेतानें चालवावयास सांगतात. महामार्गावरचे ८०० किलोमीटर त्यांत जमेस धरूं नयेत, कारण तेथें क्लच दाबलाच जात नाहीं. तोंवर टर्बोचा दाब कमी ठेवावा. मग त्याच चढावर, त्याच गिअरमध्यें, पाय दाबावा आणि दोन्ही कांटे एकत्र चढतात कीं नाहीं तें पाहावें.