धूळ पाहून पळू नका, घोडी मोजा
(काठी येथील जिल्हा मेळाव्यात केलेले भाषण)



पाऊस, कापूस, ज्वारी यांवर आम्ही दर सभेत बोलतो. आज सातशे वर्षांपूर्वीच्या एका लुटीबद्दल बोलायचे आहे. माणसाला भीती घालून त्याच्याकडून माल कसा काढून घेतात, ते या लुटीत उघडे दिसते.

सन 1296. अल्लाउद्दीन खिलजी तेव्हा गंगेकाठच्या कडा प्रांताचा सुभेदार होता. काही हजार घोडेस्वार घेऊन तो एलिचपूरमार्गे देवगिरीवर आला. राजा रामदेवराव यादव गाफील होता. सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर गेलेले. अल्लाउद्दीनाने आवई उठवली की आम्ही नुसती आघाडी आहोत, मागून दिल्लीचे वीस हजार स्वार येत आहेत. खरे म्हणजे दिल्लीच्या सुलतानाला या स्वारीचा पत्ताही नव्हता! शंकरदेव परतला, लढला, अल्लाउद्दीनाची फळी मोडत आली. तेवढ्यात शहरावर ठेवलेली हजारभर स्वारांची तुकडी धुरळा उडवत मदतीला धावली. यादवांच्या फौजेला वाटले, आले ते वीस हजार! फौज पळाली. देवगिरी तलवारीने जितकी हरली, तितकीच धुरळ्याने हरली.

तरी गड बाकी होता. पण फेरिश्ता हा इतिहासकार सांगतो की घाईघाईत धान्य समजून गडावर चढवलेली पोती उघडली, तर आत मीठ निघाले. आपल्या कोठीत काय आहे हे कोणी पाहिलेच नव्हते. राजाला खंडणी कबूल करावी लागली.

पुढे अल्लाउद्दीन चुलत्याला मारून दिल्लीचा सुलतान झाला. 1307 च्या सुमारास मलिक काफूर रामदेवरावाला पकडून दिल्लीला घेऊन गेला. तिथे त्याला मारले नाही. मान दिला, ‘रायरायान’ पदवी दिली आणि परत पाठवले. मग हाच राजा काफूरच्या फौजांना दक्षिणेची वाट मोकळी करून देऊ लागला. शंकरदेवाने खंडणी नाकारली, तो मारला गेला. अल्लाउद्दीनाच्या मृत्यूनंतर रामदेवरावाचा जावई हरपालदेव उठला. 1318 मध्ये अल्लाउद्दीनाच्या मुलाने, मुबारक खिलजीने, त्याची जिवंतपणी कातडी सोलली आणि देह देवगिरीच्या वेशीवर टांगला. वाकला त्याला पदवी, उठला त्याला वेस. येणाऱ्या-जाणाऱ्याने पाहावे आणि घरी जाऊन गप्प बसावे, यासाठीच ते होते.

पण भावांनो, कातडी एकाची सोलतात, पोट सगळ्यांचे मारतात. दिल्लीच्या आसपास अल्लाउद्दीनाने जमीन मोजून निम्मे पीक सारा म्हणून घेतले. बरनी लिहितो की शेतकऱ्याजवळ बंड करण्याइतके काही उरूच नये, हाच हेतू होता. राहिलेले धान्यही त्याने खळ्यावरच ठरल्या भावाने विकायचे. गहू मणाला साडेसात जितल, हरभरा पाच, जव चार. बाजाराच्या तीन वेगवेगळ्या बातम्या रोज सुलतानाकडे जात. भाव का बांधले? तर मोठी फौज थोड्या पगारात ठेवता यावी म्हणून. शिपायाची भाकरी स्वस्त, ती शेतकऱ्याच्या खर्चाने.

याला जात-धर्म लावू नका. 1742 पासून 1751 पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या मराठी बारगिरांनी बंगालात गावेच्या गावे जाळली. तिथला शेतकरीही असाच रानात पळाला. राजा कोणाचाही असो, जळते ते शेतकऱ्याचेच घर.

आणि आपल्या काळात? ज्वारीची लेव्ही घातलेले वडीलधारे इथे बसले आहेत. 1972 साली कापूस एकाधिकार खरेदी आली आणि आपलाच कापूस गुजरातेत नेणे हा गुन्हा ठरला. या काठीपासून गुजरातची हद्द किती लांब आहे? कातडी कोणाची सोलली नाही, हा फरक मोठा आहे आणि तो आम्ही मानतो. पण खळ्यावर येऊन भाव दुसऱ्याने ठरवायचा, ही रीत अल्लाउद्दीनाच्या ओळखीची आहे.

आज नाके गेले, धुरळा राहिला. व्यापाऱ्याचा माणूस दारात येतो. “आभाळ आलंय, उद्या भाव पडणार, आजच वजन करा,” म्हणतो. कोणी म्हणतो, “वनहक्काचा दावा केलात तर केस होईल.” 2006 चा वनहक्क कायदा तुमच्या बाजूने आहे, हे तो सांगत नाही. एकट्या माणसाला हा धुरळा वीस हजारांचा वाटतो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. पहिले, घोडी मोजा. भाव पडला असे कोणी सांगितले तर दोन बाजारांत विचारल्याशिवाय कापूस तोलू नका. केस होईल असे कोणी म्हटले तर कलम कोणते, कागद कुठे, ते लेखी मागा. दुसरे, पोती उघडून पाहा. घरात ज्वारी किती, किती महिने पुरेल, हा हिशेब मेळाव्याच्या आधी मांडा. ज्याच्या कोठीत दाणा आहे, त्याला थांबता येते, आणि ज्याला थांबता येते त्याला भाव मागता येतो. तिसरे, कचेरीत पाच जणांनी मिळून जा आणि पोच घेऊनच उठा.

अल्लाउद्दीन 1316 मध्ये वारला. त्याने बांधलेले भाव त्याच्या मागे टिकले नाहीत, आणि 1320 मध्ये त्याचे घराणेच संपले. धाकावर चाललेले राज्य धाक घालणारा गेला की कोसळते. इथल्या होळीला तीन राज्यांतून माणसे रात्रभर चालत येतात. त्यांना कोणी धाक घालत नाही. तसेच एकत्र या. मग धुरळा दिसला तरी कोणी पळणार नाही.