हजार वर्षांनंतरची तारीख

(अभ्यासवर्गातील भाषण)



आज मी एक जुनं अमेरिकन कॉमिक घेऊन आले आहे. ‘वंडर वुमन’चा सातवा अंक, १९४३चा. चित्रांची पुस्तकं म्हणजे पोरांची करमणूक, असं म्हणून आपण ती बाजूला ठेवतो. पण देशभक्ती आणि बाई यांची सांगड कशी घातली जाते, ते अशा पुस्तकांत स्वच्छ दिसतं.

ही नायिका १९४१च्या अखेरीला आली. विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञानं तिला निर्माण केलं. अंगावर अमेरिकेच्या झेंड्याचे रंग आणि चांदण्या, आणि काम नाझींशी लढण्याचं. एकटी विमानं अडवते, गोळ्या परतवते. पण १९४२ साली वीरपुरुषांच्या मंडळात तिला घेतलं ते सचिव म्हणून! ते लढाईला जाणार, हिनं इतिवृत्त लिहायचं. आपल्यापैकी अनेकींना हा अनुभव ओळखीचा वाटेल.

सातव्या अंकाच्या मुखपृष्ठावर मात्र ती राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवार आहे. कथेत पुरुषांचा पक्ष तिच्या विरोधात उभा राहतो. उमेदवार कोण? तिचाच प्रियकर, स्टीव्ह. बऱ्याच कारस्थानांनंतर अखेर तीच अध्यक्ष होते. वाचताना मजा येते. फक्त हे सगळं घडतं हजार वर्षांनंतर!

हजार वर्षं कशासाठी? १९४३ साली तिथे लाखो बायका विमानांच्या आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत राबत होत्या. देशाला त्यांचे हात त्याच दिवशी हवे होते. सत्तेची तारीख तेवढी लांबची. युद्ध संपलं, पुरुष परतले आणि अनेक बायकांना कामावरून काढलं गेलं. कॉमिकमध्येही तेच झालं. १९४७मध्ये मार्स्टन वारला. आधी या अंकांतून फ्लॉरेन्स नाइटिंगेल, सुझन अँथनी अशा खऱ्या कर्तबगार स्त्रियांची चरित्रं येत. पुढच्या दशकात त्यांच्या जागी लग्नाच्या चालीरीतींची माहिती आली.

१९७२ साली ‘मिस’ या स्त्रीवादी मासिकानं हीच नायिका मुखपृष्ठावर घेतली आणि तिला अध्यक्ष करा, अशी हाक दिली. त्याच वर्षी शर्ली चिझम ही खरीखुरी कृष्णवर्णीय स्त्री डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागत होती. तिला ती मिळाली नाही. पुढे २०१६ आणि २०२४मध्ये दोन स्त्रिया प्रत्यक्ष निवडणुकीला उभ्या राहिल्या, दोघीही हरल्या. चित्रातल्या बाईला डोक्यावर घेणं सोपं असतं. ती जागा मागत नाही.

हे अमेरिकेपुरतंच नाही. आपल्याकडे संसदेतल्या आरक्षणाचं विधेयक पहिल्यांदा मांडलं गेलं १९९६ साली. कायदा झाला २०२३ साली, २७ वर्षांनी. त्यातही अट घातली, की जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावरच अंमल. भारतमाता आणि रणरागिणी म्हणून आपला जयजयकार करायला मात्र कोणी जनगणनेसाठी थांबलं नव्हतं.

म्हणून माझी सूचना आहे. देशासाठी, पक्षासाठी पदर खोचून या, अशी हाक येईल तेव्हा जरूर जावं. पण निघण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात: निर्णय घेणाऱ्यांत आम्ही किती, आणि कधीपासून? उत्तरात साल नसेल, तर ते आपणच सांगावं. तुमच्या गावात, संघटनेत याबाबत काय घडतं, ते आता गटांत बसून बोलूया.