पंखा आणि झोप

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, तेव्हा बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातील ‘इस्ट्रॅक’ केंद्रात शास्त्रज्ञ डोळ्यांत तेल घालून बसले होते. अशा ठिकाणी संगणकांचे पंखे घोंघावले, तरी कुणाची झोप मोडत नाही. परंतु आता काही घरांतही कुटुंबाची छायाचित्रे व कागदपत्रे जपणारा छोटा सर्व्हर अहोरात्र चालतो. आणि भिंतीपलीकडे वडीलधारे निजलेले असतात. पंखा थांबवावा तर यंत्र तापते, मोकाट सोडावा तर घर जागे!

उपाय असा, की उष्णतामापक सांगेल तितकेच पंख्याने फिरावे. गती निम्मी झाली की वारा निम्मा होतो. वीज मात्र सुमारे एक-अष्टमांश लागते आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. गती वाढविण्याच्या आणि उतरविण्याच्या तापमानांत चार-पाच अंशांचे अंतर ठेवावे. नाहीतर पंख्याची सततची चढउतारच अधिक जाचते.

चार तारांच्या पंख्याला चौथ्या तारेतून आज्ञा मिळते. ती तार तुटली, तर पंखा थांबत नाही, पूर्ण वेगाने फिरू लागतो. रचनाकारांचे शहाणपण यातच आहे: एक रात्र झोप मोडली तरी चालेल, पण जपलेले धन जळता कामा नये.