कृष्णाकाठची वाई
सातारा जिल्ह्यातील वाई या कृष्णाकाठच्या नगरीचा इतिहास दगडी घाटांतून आणि जुन्या कागदपत्रांतून अभ्यासता येतो. १७६२ मध्ये गणपतराव रास्ते यांनी उभारलेल्या ढोल्या गणपतीच्या मंदिराची मागील भिंत मत्स्याकार, म्हणजे माशासारखी निमुळती असल्याने पुराचे पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी वाहते आणि वास्तूवरील दाब घटतो. जवळच्या मेणवलीत नाना फडणीसांचा वाडा असून, तेथील दप्तर, म्हणजे कारभारविषयक कागदपत्रांचा संग्रह, पेशवाईच्या अभ्यासाचे मोलाचे साधन ठरले आहे. पुढे केवलानंद सरस्वतींच्या प्राज्ञपाठशाळेने येथे विद्येची परंपरा रुजवली आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचे कार्य वाईतच आकाराला आले. म्हणूनच या नगरीचे घाट, वाडे आणि दप्तरे यांचे जतन ही साऱ्या महाराष्ट्राची जबाबदारी ठरते.