बाथरूमचा पंखा आणि सोलापूरची हवा



हवेतला ओलावा मोजण्याची सोलापूरला जुनी सवय आहे. १८७७ मध्ये इथे ‘जुनी गिरणी’ या नावाने ओळखली जाणारी कापड गिरणी सुरू झाली. हवा कोरडी पडली की सूत तुटते, म्हणून कापड गिरण्यांच्या विणकाम खात्यात मुद्दाम पाण्याचे तुषार सोडून आर्द्रता ७५-८० टक्क्यांच्या आसपास राखतात. मागाला मानवणारा हाच ओलावा घरातल्या बाथरूमला मात्र बाधतो.

पाणी काही दिवसांआड येते, त्यामुळे बाथरूममध्ये भरलेले पिंप असतेच. तिथेच कढत पाण्याची वाफ कोंडली की छताच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते, दार फुगते आणि इथलाच जाडजूड टेरी टॉवेल कुबट वास मारू लागतो. आर्द्रता ओळखून आपोआप चालू-बंद होणारा एक्झॉस्ट फॅन इथे खरोखर उपयोगी पडतो. त्याच्या सेन्सरमधला पातळ थर हवेतला ओलावा शोषतो, त्यासरशी त्याचा विद्युत गुणधर्म बदलतो आणि ठरवलेला आकडा ओलांडताच पंखा फिरतो.

घोळ होतो तो या आकड्यापाशीच. एप्रिल-मेच्या दुपारी सोलापूरची आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली जाते. तेव्हा ६० चा आकडा उत्तम. ऑगस्टच्या सकाळी मात्र बाहेरचीच हवा ८० च्या पुढे असते. पंखा आत ओढणार तीच हवा, मग ६० वर येणार कशी? तो दिवसभर फिरत राहतो, वीज जाते आणि मोटर झिजते. म्हणून पावसाळ्यात आकडा ८५ पर्यंत चढवावा, नाहीतर अंघोळीनंतर वीस मिनिटांचा टायमर लावावा.

पाच बाय आठ फुटांच्या, नऊ फूट उंचीच्या बाथरूममध्ये ३६० घनफूट हवा मावते. ती तासाला आठ वेळा बदलायची तर मिनिटाला ४८ घनफूट हवा खेचणारा पंखा लागतो. पंखा दारासमोरच्या भिंतीत वर बसवावा आणि दाराखाली बोटभर फट ठेवावी. हवा आत आलीच नाही तर बाहेर काय जाणार? पाइपाला बाहेरच्या बाजूला उतार द्यावा. जोडणी वायरमनकडूनच, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर, करून घ्यावी.

बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर हा पंखा त्यावरचा उपाय समजू नये. बंद खोलीत पंख्याच्या ओढीने गिझरचा धूर उलटा आत येऊ शकतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गिझर आधी बाहेर हलवावा.

टॉवेलची लव जाळीवर साचते. महिन्या-दोन महिन्यांनी मेन स्विच बंद करून ती कोरड्या ब्रशने झाडावी. सेन्सरवर पाणी, फवारा किंवा अत्तर उडू देऊ नये.

सेन्सर खरे बोलतो का, हे घरातल्या मिठाने कळते. बाजारात मिळणारा छोटा आर्द्रतामापक आणि वाटीभर ओलसर मीठ घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवावे. सकाळी मापकावर ७५ च्या आसपास आकडा यायला हवा. कमी-जास्त आला तर तेवढा फरक ध्यानात घेऊन मापक पंख्याशेजारी टांगावा. पंखा कोणत्या आकड्याला सुरू होतो ते पाहावे. ठरवलेल्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक तफावत दिसली, तर सेन्सर बदलून घ्यावा.