अपंग विद्यार्थी आणि सरकारी सवलती

(पालक मेळाव्यात, डोंबिवली येथे केलेले भाषण)



सवलतींचा विषय निघाला की आपल्या घरांतून एकच वाक्य ऐकू येते, "आरक्षण आपल्यासाठी नसतेच." अपंग मुलांच्या बाबतीत हा समज साफ चुकीचा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या सवलतींना जातीचा वा धर्माचा दाखला लागत नाही. अपंगत्व ४० टक्के वा अधिक असेल, तर ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण हा मुलाचा हक्क आहे. पुढे सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. १९९५ च्या कायद्यात त्या ३ टक्के होत्या. प्रवेशाच्या वयातही ५ वर्षांची सूट आहे.

मग अडते कुठे? दाखल्यापाशी. मुलगी उद्या लग्नाची होईल, तिच्या नावावर असा कागद नको, म्हणून कित्येक आईबाप अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढतच नाहीत. मुलगी लंगडते हे साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक असते. ठाऊक नसते ते फक्त सरकारला! आणि शिक्षण मात्र तिचे बुडते.

अर्ज 'स्वावलंबन' संकेतस्थळावर भरायचा, नंतर सरकारी रुग्णालयात तपासणी होते. त्याआधी कागद नीट पाहा. शाळेत 'शेख' नावाच्या आधी, आधार कार्डावर नंतर, जन्मदाखल्यात मोहम्मदचे नुसते 'मो.' असा आपला कारभार असतो, आणि त्यापायी हेलपाटे पडतात.

नववीपासून केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे. त्यासाठी घरचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे. दहावीला लेखनिक आणि ताशी २० मिनिटे जादा वेळ मिळतो, पण मुख्याध्यापकांमार्फत मंडळाची परवानगी घ्यावी लागते. परीक्षा तोंडावर आल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नाही. अपंगत्व ४० टक्क्यांहून कमी म्हणून कोणी लेखनिक नाकारला, तर फेब्रुवारी २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवा. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला त्याने लेखनिक मिळवून दिला.

हाजी अलीला आपण सारेच जातो. तिथेच १९५५ पासून केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. कॅलिपर, कृत्रिम पाय तिथे बसवून मिळतात. पुढच्या खेपेला मुलालाही सोबत न्या.