दर्या किती लांब आहे?



आमचं वळसंग सोलापूरहून अक्कलकोटला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. स्वामी समर्थांच्या दर्शनाला निघालेल्या गाड्या आमच्या गावावरून जातात. मुलूख कोरडा. वर्षाकाठी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस झाला, तर चांगलं साल म्हणायचं. आमच्याकडं पाणी म्हणजे विहीर, बोअर आणि टँकर. गावची सर्वांत मोठी आठवणसुद्धा एका विहिरीची आहे. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या विहिरीवर येऊन गेले, ती विहीर. समुद्र आमच्यापासून सरळ रेषेत मोजला तरी अडीचशे किलोमीटरच्या पुढं. आणि अशा गावात राहून मी समुद्रावर कविता लिहिल्या. माझ्या पहिल्या संग्रहात सात कविता समुद्राच्या आहेत. त्या लिहिल्या तेव्हा मी समुद्र पाहिलेला नव्हता. आज ही कबुली द्यायला हरकत नाही.

तर २०२५च्या नोव्हेंबरात एका संध्याकाळी मगरिबच्या नमाजनंतर माझा पुतण्या घरी आला. सोलापुरात एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. पुढच्याच महिन्यात त्याचा निकाह होता. आल्या आल्या त्यानं दार लोटून घेतलं. मला वाटलं, पैसे हवे असतील.

“चाचा, एक विचारायचं होतं. अब्बांना सांगू नका.”

“बोल.”

“लग्न झाल्यावर समुद्रावर जायचंय. दोघंच. कुठं जावं, सांगा की. तुम्ही दर्यावर लिहिता ना!”

कवितेचा असा उपयोग माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणी केला.

मराठीत आपण मधुचंद्र म्हणतो. फारसी-उर्दूत माहे-असल. असल म्हणजे मध, आणि माह म्हणजे चंद्रही आणि महिनाही. एकाच शब्दात दोन्ही. आमच्या घरात मात्र यातला एकही शब्द कधी उच्चारला गेला नाही. १९९६ साली माझं लग्न झालं. चौथ्या दिवशी आम्हाला गुलबर्ग्याला, म्हणजे आताच्या कलबुर्गीला, ख्वाजा बंदेनवाजांच्या दर्ग्यात सलामाला नेलं. आम्हाला म्हणजे अकरा जणांना. अम्मी, दोन फुफ्या, त्यांची मुलं, मामू आणि त्यात कुठंतरी आम्ही दोघं. परतताना एसटीत बायको पहिल्यांदा आपणहून माझ्याशी बोलली. तिनं माझ्या कविता वाचल्या होत्या. हळूच म्हणाली, “दर्या कित्ता दूर है जी?”

मी म्हणालो, “जाऊ की कधीतरी.”

हे कधीतरी अठरा वर्षांनी आलं. त्याची गोष्ट पुढं सांगतो.

पुतण्याच्या मोबाइलमध्ये फोटोंची रास होती. त्याचं मन गोव्यावर होतं, आणि त्यात त्याची काही चूक नाही. जून २०२५ मध्ये आमच्या होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून गोव्याला विमान सुरू झालं. ज्या माळावर आम्ही लहानपणी बोरं वेचली, त्याच्यावरून उडून थेट गोव्यात उतरायचं, या कल्पनेनंच पोरगा निम्मा हवेत होता. त्याच्या कारखान्यातला एक जण म्हणे मालदीवला जाऊन आला. मालदीव मुसलमानी देश आहे, तेव्हा घरचे नाही म्हणणार नाहीत, असाही एक मुद्दा त्यानं मांडून पाहिला. मी त्याला एवढंच सांगितलं की फोटोतली पाण्यावरची लाकडी घरं वेगळी आणि तिथल्या साध्या माणसांची बेटं वेगळी. त्या बेटांवर अंगभर कपडे घालूनच हिंडावं लागतं. आणि आपल्याकडं एकंदर तीस हजार आहेत.

गोव्यातही बागा-कळंगुटची गर्दी एक आणि दक्षिणेतल्या पाळोळे-आगोंदचा किनारा दुसरा, हे मी त्याला समजावत होतो. समजावता समजावता माझ्या डोक्यात काहीतरी खटकलं.

“तिला विचारलंस का?”

“कुणाला?”

“जिच्याबरोबर जाणार आहेस, तिला.”

तो गप्प. रोज रात्री तासभर फोनवर बोलतात. हळदीचा रंग, फोटोवाला, जेवणातली बिर्याणी, सगळं बोलून झालं होतं. हे विचारायचं राहिलं होतं. तो म्हणाला, “चाचा, तिला सरप्राइज द्यायचं होतं.”

श्रोतेहो, हे सरप्राइज प्रकरण मला फारसं पटत नाही. ठरवून केलेल्या लग्नात सगळंच दुसऱ्यांनी ठरवलेलं असतं. मुलगा, मुलगी, तारीख, मेहेर, पाहुण्यांची यादी. दोघांनी मिळून ठरवायची पहिली गोष्ट म्हणजे ही. तीसुद्धा एकट्यानंच ठरवली, तर पुढं तीच सवय लागते. मला लागली होती.

दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला. मुलगी अक्कलकोट तालुक्यातली, बारावी झालेली, घरी शिवणकाम करते. समुद्र तिनंही पाहिलेला नाही. जागेचं नाव तिनं सांगितलं नाही. तिनं प्रश्न पाठवले. भिजल्यावर कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली असते का? बायका पाण्यात उतरल्या की लोक मोबाइलवर चित्रं घेतात म्हणे, तसं कमी कुठं आहे? आणि पोहता येत नसलेल्या माणसानं किती आत जायचं?

मी चाट पडलो. माझ्या सात कवितांत यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर नव्हतं. आपल्या बायका साडी-सलवारीनिशी पाण्यात उतरतात, आणि मग ओलं अंग ओढणीनं झाकत गाडीपर्यंत चालतात. किनारा निवडताना हे कोण बघतो?

मग आम्ही दोघं काका-पुतणे कामाला लागलो. ब्ल्यू फ्लॅग नावाचं एक आंतरराष्ट्रीय मानांकन आहे. पाणी तपासलेलं हवं, स्वच्छतागृह हवं, कपडे बदलायची सोय हवी, जीवरक्षक हवा, अशा त्याच्या अटी. २०२० साली भारतातल्या पहिल्या आठ किनाऱ्यांना ते मिळालं, तेव्हा त्यांत कर्नाटकातले कासरकोड आणि पडुबिद्री होते, महाराष्ट्रातला एकही नव्हता. २०२५ मध्ये आपल्याकडच्या पाच किनाऱ्यांना त्याचं प्रायोगिक मानांकन मिळालं. त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातले दोन आहेत, गुहागर आणि दापोलीजवळचं लाडघर. निशाण लागलं म्हणजे स्वर्ग झाला, असं नव्हे. पण त्या मुलीच्या पहिल्या प्रश्नाला निदान उत्तराची दिशा मिळाली.

गणपतीपुळ्याचं नाव साहजिकच निघालं. सोलापूरकरांना तो रस्ता पायाखालचा. कोल्हापूरवरून रत्नागिरी गाठली की आलंच. देऊळ, वाळू, समुद्र सगळं एका जागी, शिवाय शेजारी मालगुंड. पण पोहता न येणाऱ्यांसाठी तिथलं पाणी धोक्याचं आहे. तिथं माणसं बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यांत घाटावरची माणसं बरीच असतात. आम्ही विहिरीत पोहायला शिकलेले लोक. विहिरीतलं पाणी जागचं हलत नाही. समुद्राचं पाणी पायाखालची वाळू काढून नेतं, हे आम्हाला तिथं गेल्यावर कळतं.

मालगुंडला मी २०१४ साली गेलो. कविवर्य केशवसुतांचं जन्मगाव, तिथं त्यांचं स्मारक आहे. कविता वाचायला बोलावलं होतं. बायकोला म्हटलं, चल. ती चपला हातात घेऊन घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. बराच वेळ बोलली नाही. मी आपला कवीसारखा तिच्या तोंडाकडं बघतोय. शेवटी म्हणाली, “एवढं पाणी! आणि आपल्या नळाला आठ दिवसांनी येतं.” मग ओंजळीतलं पाणी जिभेला लावून तिनं तोंड वाकडं केलं. रात्री खोलीवर आल्यावर म्हणाली, “तुमच्या कवितेतल्या दर्याला मासळीचा वास नाही.” माझ्या कवितेवर अनेक जाणकारांनी लिहिलं आहे, पण इतकं नेमकं कुणी बोललेलं नाही. मी त्यानंतर समुद्रावर लिहिलं नाही.

त्याच मुक्कामात एका म्हाताऱ्या मच्छीमारानं मला एक हिशेब शिकवला. तो या वेळी उपयोगी पडला. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता भरती पुरी होते. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे भर दुपारी आणि मध्यरात्री पाणी चढलेलं, संध्याकाळी उतरलेलं, वाळू लांबरुंद मोकळी. पण ते दिवस उधाणाचे, पाण्याला ओढ फार. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. संध्याकाळी सहाला भरती, पण ती भांगाची, म्हणजे नरम. पाण्याची चढउतार कमी. आमच्या तारखाही चंद्रावरच चालतात, फक्त आमचा महिना चांद दिसल्यावर, एक-दोन दिवसांनी सुरू होतो. आम्ही बोटांवर मोजलं. निकाहनंतरचे त्यांचे तीन दिवस वद्य अष्टमीच्या आसपास येत होते. नवशिक्या माणसांना चांगलं. एवढंच की त्या दिवसांत चंद्र उगवतो मध्यरात्रीच्या सुमारास. मधुचंद्राला चंद्रच उशिरा! पुतण्या म्हणाला, चालेल.

लाडघरवर दोघांचं एकमत झालं. फोनवर, रात्री साडेअकराला, असं मला नंतर कळलं. विमान राहिलं, याचं त्याला थोडं वाईट वाटलं. पण डोंगर उतरून खाली समुद्र दिसतो, हे तिला आवडलं होतं. तिनं कुठलासा व्हिडिओ पाहिला होता. तिथल्या किनाऱ्याला तामसतीर्थ म्हणतात, पाण्याला तांबूस छटा दिसते, हे त्यालाही आवडलं.

आता घरच्यांची परवानगी. मुलीची नानी म्हणाली, लग्न झाल्यावर आधी जियारत, बाकी सगळं मागाहून. मी नकाशा काढला. दापोली तालुक्यातच केळशी आहे, आणि केळशीला हजरत याकूबबाबांचा दर्गा आहे. शिवाजी महाराजांचंही नाव त्या बाबांशी जोडलेलं आहे. नानीला सांगितलं, पोरं याकूबबाबांच्या जियारतीला जातायत. नानी खूश. “सोबत कोण?” म्हणाली. तेव्हा मध्ये माझी बायको बोलली, “कुणी नाही. मी अकरा जणांबरोबर गेले होते. पुरे झालं.” त्यापुढं कुणी काही बोललं नाही.

खोली ठरवायचं काम माझ्याकडं आलं. कोकणात ‘घरगुती राहण्या-जेवणाची सोय’ अशा पाट्या असतात, त्यांतला एक नंबर मिळवला. तारखा सांगितल्या, खोली रिकामी आहे म्हणाले. नाव सांगितलं. पलीकडं थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, “अहो, आत्ताच बघितलं, त्या दिवसांत भरलंय.” पुतण्या समोर बसला होता. त्यानं काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. दुसऱ्या नंबरावर एक बाई होत्या. नाव ऐकून त्यांनी विचारलं, “मासे खाता ना? की देशावरची माणसं, काट्याला भिता?” मी म्हटलं, मुलगा भितो, मुलीचं माहीत नाही. “आणा, शिकवू,” म्हणाल्या.

जाताना मी पुतण्याला निकाहनाम्याची नक्कल आणि दोघांची आधार कार्डं वेगळ्या पाकिटात घालून दिली. नव्या नवरीच्या कार्डावर माहेरचं नाव असतं, उगाच कुणी रात्री दारात उभं करायला नको. बायकोनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली. सोलापूर ते पुणे रेल्वेनं, पुढं स्वारगेटहून दापोलीची एसटी. रात्रीची झोप गेली असणार. पण त्या वयात त्याचं कुणाला काय?

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास फोन आला. पुतण्याचा नव्हे, तिचा. आणि मला नव्हे, चाचीला. मी तिथंच पेपर वाचत बसलो होतो. बायकोनं मोठा आवाज केला. आधी नुसता वारा ऐकू आला, मग लाटा. सून काहीतरी सांगत होती. मासळीचा वास, घरमालकिणीनं दिलेली सोलकढी, केळशीला वाहिलेली चादर. कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी आहे, हेही तिनं आवर्जून सांगितलं. मग म्हणाली, “चाची, धरा, ऐका,” आणि फोन पाण्याकडं धरला असावा.

बायको मोबाइल कानाला लावून उभी राहिली. बाहेर टँकर आल्याची ओरड झाली, घागरी वाजल्या. ती हलली नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, “भरती आहे का ओहोटी?”

“माहीत नाही चाची,” सून म्हणाली. “आम्ही मघापासून नुसते बसलोय.”